लडाखला जीप नेतोय. नकाशासाठी फक्त वायफायवाला टॅब्लेट चालेल का?

आयपॅड घेणार असाल तर नाही चालणार. वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस चिपच नसते, ती सेल्युलर मॉडेलमध्येच मिळते. सिम मात्र घालायलाच हवं असं नाही. उपग्रहांचा सिग्नल फुकट असतो. अँड्रॉइडच्या बऱ्याच वायफाय टॅब्लेटांत जीपीएस असतं, पण सगळ्यांत नाही, तेव्हा पैसे मोजण्याआधी स्पेसिफिकेशन वाचाच.

आकार 8 इंच पुरे. 11 इंची टॅब्लेट डॅशबोर्डवर लावला की समोरचा खड्डाच दिसेनासा होतो! काचेमागच्या उन्हात तो तापतोही (आयपॅडसाठी ॲपलची मर्यादा 35 अंश सेल्सिअस), म्हणून एसीच्या झोतासमोर बसवा.

ओएसएमअँड या नेटशिवाय चालणाऱ्या नकाशांच्या ॲपमध्ये नकाशे घरीच उतरवून घ्या आणि नेट बंद करून गल्लीत एक चक्कर मारून बघा.