सनद (वकिलीचा परवाना) नसताना वकिली केली तर काय शिक्षा होते?

थेट उत्तर: सहा महिन्यांपर्यंत कैद. अधिवक्ता अधिनियम, 1961 चं कलम 45. गंमत म्हणजे या कलमात दंडाचा उल्लेखच नाही, फक्त कैद.

पण खरा तोतया एवढ्यावर सुटत नाही. काळा कोट घालून, खोटा सनद क्रमांक टाकून अशिलाकडून फी उकळली, की ती फसवणूक झाली. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 319 नुसार तोतयेगिरीला पाच वर्षांपर्यंत, आणि फसवून पैसे घेतल्यास कलम 318(4) खाली सात वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. सनद बनावट असेल तर बनावट दस्तऐवजाची कलमं वेगळी लागतात. माझ्या मते कलम 45 ची शिक्षा फारच तोकडी आहे. पोलीसही म्हणूनच फसवणुकीची कलमं सोबत लावतात.

एलएलबीची पदवी म्हणजे सनद नव्हे, इथे बरेच जण गफलत करतात. राज्य बार कौन्सिलकडे (वकिलांची नोंदणी करणारी संस्था) नाव नोंदवल्याशिवाय वकिली करता येत नाही. स्वतःची केस स्वतः लढवणं मात्र गुन्हा नाही. आणि कलम 32 नुसार एखाद्या ठरावीक प्रकरणात न्यायालय सनद नसलेल्या व्यक्तीलाही उभं राहू देऊ शकतं.

शंका असेल तर वकीलपत्रावर सही करण्याआधी त्यांचा सनद क्रमांक विचारा आणि बार कौन्सिलकडे पडताळून घ्या. खऱ्या वकिलाला त्याचा राग येत नाही.