मलम बंद करून नुसत्या साबुदाण्याच्या गोळ्या?

प्रश्न: माझा मुलगा 5 वर्षांचा आहे, कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागे इसब आहे, थंडीत फार वाढतो, रात्री खाजवून खाजवून रक्त काढतो. स्किनच्या डॉक्टरांच्या मलमाने बरं वाटतं पण सोडलं की परत येतं. आता सासूबाईंच्या ओळखीतले होमिओपॅथ म्हणतात मलम पूर्ण बंद करा, त्याने रोग आत दाबला जाऊन दमा होतो, आमच्या गोळ्यांनी आधी उठेल आणि मग कायमचा जाईल. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, मलम बंद करू नका. रोग आत दाबला जातो ही कल्पना होमिओपॅथीचे जनक हानेमान यांची, 1828 ची, जुनाट आजारांचं मूळ खरजेत आहे असं ते मानायचे. इसबाचा खरजेशी संबंधच नाही. इसब असलेल्या मुलांपैकी काहींना पुढे दमा होतो हे खरंय, पण तो मलमामुळे नाही, ॲलर्जीची प्रवृत्ती दोन्हीकडे तीच असते आणि बहुतेक वेळा घराण्यातूनच आलेली असते.

गोळ्यांचं म्हणाल तर 30 पोटेन्सी म्हणजे एकास शंभर असं 30 वेळा पातळ केलेलं, त्यात मूळ औषध उरतच नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेने 2015 मध्ये झालेल्या अभ्यासांचे आढावे तपासून सांगितलं की कुठल्याच आजारावर होमिओपॅथीचा भरवशाचा पुरावा नाही. मग गुण आला म्हणणारे लोक खोटं बोलतात का, तर नाही, इसब आपोआप कमी-जास्त होतो आणि पुष्कळ मुलांचा वयाबरोबर कमी होतो. मला राग येतो तो 'आधी उठेल'चा, म्हणजे वाढलं तरी औषध लागू पडलं आणि कमी झालं तरी लागू पडलं!

खरं काम मॉइश्चरायझर करतं. या मुलांची कातडी पाणी धरून ठेवत नाही, कोरडी पडते, खाजते, खाजवलं की आणखी फाटते. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात, साबण अगदी कमी, आणि अंग टिपल्या टिपल्या बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर चोपडा, कातडी बरी दिसत असली तरी रोज दोनदा. स्टिरॉइडचं मलम फक्त लाल झालेल्या जागी, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस, मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम त्याच्याच हाताच्या दोन तळव्यांएवढ्या (बोटांसकट) जागेला पुरतं. मेडिकलवाला देतो ते तीन-चार औषधं एकत्र केलेलं क्रीम मात्र मनाने लावू नका, त्यात बरेचदा कडक स्टिरॉइड असतं.

सासूबाईंचं मन राखायला गोळ्या द्यायच्या तर द्या, मलम चालू ठेवून. पिवळ्या खपल्या, पू किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.