जोन्सटाउन: साक्षीदार कुठे उभा होता ते आधी बघा

जोन्सटाउन ही दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात जिम जोन्स या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या ‘पीपल्स टेंपल’ पंथाने वसवलेली वस्ती. १८ नोव्हेंबर १९७८ ला तिथे शेकडो माणसं विषाने मेली. प्रश्न थोडक्यात असा आहे: गयानातल्या जोन्सटाउनबद्दल एकीकडे ‘सामूहिक आत्महत्या’ वाचायला मिळते, दुसरीकडे ‘हत्याकांड’. मृतांचा आकडा कुठे ४००, कुठे ९०९, कुठे ९१८. वाचलेल्यांचे जबाबही एकमेकांशी जुळत नाहीत. मग विश्वास कोणावर ठेवायचा? आणि यात सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा हात होता का?

या प्रकरणात ठरवून खोटं बोलणारे फार थोडे आहेत. बहुतेकांनी पाहिलं तेच सांगितलं, फक्त प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा तुकडा आला. त्यामुळे कुठलाही जबाब हातात घेतला की आधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. १८ नोव्हेंबर १९७८ च्या संध्याकाळी हा माणूस नेमका कुठे होता? त्याने कुठपर्यंतचं स्वतः पाहिलं? आणि तो बोलला कधी, त्याच आठवड्यात की वीस वर्षांनी? एवढं केलं की निम्मे विरोधाभास आपोआप गळून पडतात.

आकड्यांचा घोळ सर्वांत सोपा, तो आधी उरकू. जोन्सटाउनच्या वस्तीत ९०९ माणसं मेली, खुद्द जिम जोन्स धरून. जवळच्या पोर्ट कैटुमाच्या धावपट्टीवर जोन्सच्या माणसांनी केलेल्या गोळीबारात पाच: वस्तीची पाहणी करून परत निघालेले अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य लिओ रायन, एनबीसी या अमेरिकी दूरचित्रवाणीचे डॉन हॅरिस आणि बॉब ब्राउन, छायाचित्रकार ग्रेग रॉबिन्सन आणि वस्ती सोडून निघालेल्या पॅट्रिशिया पार्क्स. राजधानी जॉर्जटाउनमधल्या पीपल्स टेंपलच्या घरात आणखी चार: शॅरन एमोस आणि तिची तीन मुलं. बेरीज ९१८. कोणी फक्त वस्ती मोजतं, कोणी जॉर्जटाउनचे चार धरून ९१३ लिहितं. यात गूढ काही नाही.

४०० चा आकडा मात्र चुकीच्या मोजणीचा आहे. पहिल्या गयानी पथकांनी प्रेतं न हलवता वरवर मोजणी केली. वस्तीच्या सभामंडपाभोवती माणसं थरांनी पडली होती आणि मुलं मोठ्यांच्या खाली होती. उरलेले जंगलात पळाले असतील, असं सुरुवातीला गृहीत धरलं गेलं. अमेरिकी लष्कराने प्रेतं उचलायला घेतली तसा आकडा रोज चढत गेला आणि आठवड्याभरात ९०० च्या पुढे गेला. ‘मधल्या पाचशे लोकांना जंगलात गाठून मारलं’ ही कथा या फरकावरच उभी आहे. ती सोडून द्या.

आता साक्षीदार. विषवाटप सुरू झालेलं डोळ्यांनी पाहून वाचलेले लोक बोटांवर मोजण्याइतके. ओडेल ऱ्होड्स सर्वांत महत्त्वाचे: वस्तीच्या डॉक्टरला स्टेथोस्कोप हवा होता, तो आणायच्या निमित्ताने ते मंडपातून बाहेर पडले, एका इमारतीखाली लपले आणि अंधार पडल्यावर पोर्ट कैटुमाकडे निघाले. स्टॅन्ली क्लेटन हे स्वयंपाकघरात काम करणारे, पहारेकऱ्यांना थाप मारून निसटले. टिम कार्टर आणि आणखी दोघांना पैशांच्या बॅगा देऊन सोव्हिएत वकिलातीकडे पाठवलं होतं. कार्टर यांनी स्वतःच्या बायकोला आणि तान्ह्या मुलाला मरताना पाहिलं, पण शेवटपर्यंत ते तिथे नव्हते. हायसिंथ थ्रॅश या वृद्ध बाई आपल्या खोलीत झोपून राहिल्या आणि सकाळी बाहेर आल्या तेव्हा सगळं संपलेलं होतं. रायनबरोबर निघालेल्यांना, त्याच दिवशी सकाळी जंगलातून मॅथ्यूज रिज या गावाकडे चालत गेलेल्यांना आणि जॉर्जटाउनमध्ये असलेल्या वस्तीच्या बास्केटबॉल संघाला मंडपात काय झालं ते ठाऊक असण्याचं कारणच नाही. वस्तीतल्या आधीच्या जीवनाबद्दल मात्र त्यांची साक्ष अव्वल आहे. ही सरमिसळ लोक सर्रास करतात.

आता त्या संध्याकाळच्या शेवटच्या सभेच्या ध्वनिमुद्रित टेपकडे येऊ. एफबीआयने क्यू ०४२ असा क्रमांक दिलेली ही टेप पाऊण तासाच्या आसपासची आहे आणि सर्वांत जास्त चुकीची वापरली जाते. एक म्हणजे ती सलग नाही. रेकॉर्डर कित्येकदा थांबवून पुन्हा सुरू केल्याचं ऐकू येतं, म्हणजे प्रत्यक्षात वेळ बराच जास्त गेला आणि मधलं काय गाळलं ते टेप सांगत नाही. दुसरं, मागे हलकंसं ऑर्गनसारखं संगीत येतं. ते मंडपात वाजत नव्हतं. आधी वापरलेल्या टेपवर पुन्हा ध्वनिमुद्रण केलं की जुनं असं खालून डोकावतं. ‘संगीताच्या साथीत मेले’ असं लिहिणाऱ्यांनी हे तपासलेलं नसतं. तिसरं, टेपला स्वतःचं घड्याळ आहे. सुरुवातीला जोन्स सांगतो की रायनबरोबरच्या विमानातला एकजण वैमानिकाला गोळी घालणार आहे, म्हणजे पुढचं भाकीत करतो. नंतर रायन मारला गेल्याची बातमी येते. धावपट्टीवरचे हल्लेखोर या दोन वाक्यांच्या मध्ये परतलेले असणार. सभा आधी भरली होती, बातमी नंतर आली. ‘खून झाल्यामुळे घाबरून निर्णय घेतला’ हा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो.

टेपवर क्रिस्टीन मिलर नावाची बाई उभी राहून वाद घालते: रशियाला जायला उशीर झालाय का, लहान मुलांना जगायचा हक्क नाही का. जोन्स तिला उत्तरं देतो, पण तिला गप्प करते ती गर्दी. ‘सगळे स्वखुशीने मेले’ म्हणणाऱ्यांना हा उतारा अडचणीचा, आणि ‘सगळ्यांना बंदुकीच्या धाकाने मारलं’ म्हणणाऱ्यांनाही, कारण तिच्यावर ओरडणारे पहारेकरी नव्हते, शेजारी बसलेले सामान्य सदस्य होते.

वैद्यकीय पुरावा फार कच्चा आहे. गयानाचे मुख्य पॅथॉलॉजिस्ट लेस्ली मूटू यांनी जागेवर जाऊन प्रेतं पाहिली आणि अनेकांच्या खांद्याच्या मागच्या बाजूला सुईच्या खुणा असल्याचं सांगितलं. तिथे कोणी स्वतःला टोचून घेऊ शकत नाही, हे त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. पण अशा किती जणांना खुणा होत्या, याचे त्यांच्या नावावरचे आकडे ठिकठिकाणी वेगळे दिसतात. त्यामुळे ‘होत्या’ हे घ्या, टक्केवारी घेऊ नका. अमेरिकेत डेलावेअरच्या डोव्हर हवाई तळावर शवविच्छेदन झालं फक्त सात जणांचं, तेही डिसेंबरच्या मध्यात. तोवर प्रेतं उष्ण, दमट हवेत अनेक दिवस उघड्यावर राहिली होती आणि नंतर त्यांच्यात टिकवणारी रसायनं भरली होती. अशा शरीरात सायनाइड सापडलं नाही म्हणजे ते नव्हतंच, असा अर्थ निघत नाही.

‘शांतपणे झोपी गेले’ हेही चुकीचं. फ्लेवर एड या सरबताच्या पुडीपासून केलेल्या द्राक्षाच्या सरबतात सायनाइडबरोबर व्हॅलियम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची औषधं घातली होती. पण पोटातून घेतलेली गुंगीची औषधं चढायला वेळ लागतो, सायनाइड काही मिनिटांत काम करतं. आधी विष, मग गुंगी असा उलटा क्रम होतो. टेपवरचा मुलांचा आक्रोश त्याचाच.

आत्महत्या की खून, हा प्रश्न ९०९ जणांबद्दल एकदम विचारू नका. त्यात ३०४ जण १८ वर्षांखालचे. तान्ह्यांच्या तोंडात बिनसुईच्या सिरिंजने विष सोडलं गेलं. हे खूनच, यात मतभेदाला जागा नाही. ज्यांना टोचलं तेही त्यात धरा. राहिले धडधाकट प्रौढ. भोवती सशस्त्र पहारा होता, पासपोर्ट ताब्यात घेतलेले होते, आणि ‘व्हाइट नाइट’ नावाच्या रात्रींतून मरण्याची रंगीत तालीम आधी झालेली होती. आधीच वस्ती सोडून आलेल्या डेबोरा लेटन यांनी जून १९७८ मधल्या प्रतिज्ञापत्रात ते सांगून ठेवलं होतं. पण मुलं मेल्यावर पालकांना तालमीचा भ्रम उरला नसणार, आणि तरीही काहींनी पेला घेतला. मुलं आधी मारण्यामागे हिशेब हाच होता, असं मला वाटतं: मागे परतायला कारण उरू नये. मॅथ्यूज रिजला बसलेल्या गयानी ज्युरीने अगदी मोजके अपवाद सोडून बाकी सगळे खून ठरवले. मला तो निष्कर्ष वर्तमानपत्री मथळ्यांपेक्षा जवळचा वाटतो. मात्र जोन्ससाठी मरायला तयार असलेली माणसं तिथे होती. परिचारिका ॲनी मूरने मागे ठेवलेली चिठ्ठी जोन्सची तोंडभर स्तुती करते. तीही साक्षच आहे.

आधीच्या जीवनाबद्दलही असंच. १७ नोव्हेंबरच्या रात्री त्याच मंडपात रायन म्हणाले की इथल्या काहींना हे आयुष्यातलं सर्वांत चांगलं घडलेलं वाटतं, आणि टाळ्या थांबेनात. त्याच रात्री दोन नावांची, ‘आम्हाला इथून बाहेर काढा’ अशी चिठ्ठी डॉन हॅरिसच्या हाती पडली. टाळ्या सगळ्या नाटकी होत्या असं मानायची गरज नाही. वंशभेदाला कंटाळून आलेल्या कृष्णवर्णीय वृद्धांना तिथे दवाखाना आणि शेजार मिळाला होता. १९७७ मध्ये काही महिन्यांत शेकडो माणसं येऊन पडली, जागा अपुरी पडली, जेवण मुख्यतः भातावर आलं, हेही तितकंच खरं.

सीआयएबद्दल विचारलंय म्हणून. टेपवर जोन्स एका ठिकाणी ‘ड्वायरला इथून बाहेर न्या’ अशा अर्थाचं बोलतो. रिचर्ड ड्वायर हे अमेरिकी वकिलातीतले अधिकारी, त्यांच्यावर हेर असल्याचा आरोप होता. पण ते त्या वेळी धावपट्टीवर जखमी होते, तिथल्या साक्षीदारांनी त्यांना पाहिलं आहे. जोन्सने दुसऱ्याच कोणाला ड्वायर समजून हे म्हटलं असावं. १९८० मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या गुप्तवार्ता समितीलाही सीआयएच्या सहभागाचा पुरावा मिळाला नाही.

वाचायचा क्रम विचाराल तर: आधी लेटन यांचं प्रतिज्ञापत्र, मग ऱ्होड्स आणि क्लेटन यांचे सुरुवातीचे जबाब, त्यानंतर टेपचा लिखित मजकूर. सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संग्रहात तो मिळतो. टेप स्वतः ऐकायचीच असेल तर मजकूर समोर ठेवूनच ऐका, नाहीतर कोण बोलतंय ते कळत नाही आणि माणूस गर्दीचं वाक्य जोन्सच्या तोंडी घालतो.