हात उडतोय की कंट्रोलरची जोडणी तुटतेय, ते आधी ठरवा

तुमच्या क्वेस्ट २ चा (मेटाचा व्हीआर हेडसेट) उजवा कंट्रोलर नीट चालत नाही, म्हणून पेअरिंग (कंट्रोलर आणि हेडसेटची बिनतारी जोडणी) बिघडलंय असं धरून तुम्ही फॅक्टरी रीसेट करायला निघालात. आधी ते थांबवा. तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत. क्वेस्ट २ वर धनुष्यबाणाच्या गेममध्ये दोरी ताणली की स्क्रीनवरचा उजवा हात भलतीकडे उडतो, ही एक. जोरात हात फिरवला की तोच कंट्रोलर काही क्षण मेल्यासारखा होतो, ही दुसरी. पहिली ट्रॅकिंगची, म्हणजे हात कुठे आहे हे ओळखण्याची आहे, दुसरी बहुधा बॅटरीची. पेअरिंगचा दोष मला यात दिसत नाही.

खात्री करायची असेल तर हात भरकटलेला असताना ट्रिगर दाबून बघा. गेमने प्रतिसाद दिला तर पेअरिंग ठणठणीत आहे. बटणं, ट्रिगर आणि व्हायब्रेशन रेडिओवरून चालतात. हात खोलीत नेमका कुठे आहे हे मात्र हेडसेटचे चार कॅमेरे कंट्रोलरच्या रिंगमधले इन्फ्रारेड एलईडी बघून ठरवतात. एक बिघडलं म्हणून दुसरं दुरुस्त करण्यात अर्थ नाही, आणि लोक नेमकं तेच करत बसतात.

आता दोरीचं. हात गालापाशी किंवा खांद्यामागे गेला की एलईडी कॅमेऱ्यांच्या टप्प्याबाहेर जातात, किंवा पुढचा हात मागच्याला झाकतो. मग उरतात फक्त कंट्रोलरमधले ॲक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारा सेन्सर) आणि जायरोस्कोप (वळणं मोजणारा सेन्सर). मनगट कसं वळलंय हे जायरो बराच वेळ नीट सांगतो, पण जागा काढायला प्रवेगावरून वेग आणि वेगावरून अंतर असं दोनदा गणित करावं लागतं, त्यामुळे चूक वेळेच्या वर्गाने वाढते. समजा प्रवेगात ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकीच चूक आहे. १ सेकंदाने हात ५ सेंटिमीटर सरकेल, २ सेकंदांनी २०, आणि ५ सेकंदांनी सव्वा मीटर. म्हणून नेम धरून थांबलात की हात निसटतो, पटकन सोडलात तर निसटत नाही. हा बिघाड नव्हे, या पद्धतीची मर्यादा आहे. दोरी ताणताना मान थोडी मागच्या हाताकडे वळवा, कोपर जरा बाहेर ठेवा. निम्मा त्रास तिथेच संपतो.

हात समोर असतानाही थरथरत असेल तर मात्र खोली बघा. फार अंधार नको, थेट ऊन तर नकोच (उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, शिवाय लेन्समधून पडलेलं ऊन आतली स्क्रीन कायमची जाळतं). मोठा आरसा झाका, रोषणाईच्या बारीक दिव्यांची माळ बंद करा. कॅमेऱ्याला ते एलईडीसारखेच दिसतात. सेटिंग्जमधली ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी तुमच्याकडच्या विजेप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झवर ठेवा, दिव्यांच्या लुकलुकण्याचा त्रास कमी होतो. कॅमेऱ्यांवरचे बोटांचे ठसे कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. आणि रिंग झाकणारं सिलिकॉन कव्हर असेल तर आधी काढा.

कंट्रोलर मरण्याचं कारण मी बॅटरीच्या कप्प्यात शोधेन. आत एकच एए सेल स्प्रिंगवर टेकलेला असतो. हात जोरात फिरला की सेल स्प्रिंगला दाबून क्षणभर संपर्क सोडतो आणि कंट्रोलर बंद होऊन पुन्हा चालू होतो. स्प्रिंग हलकेच थोडी बाहेर ओढा, दुसऱ्या ब्रँडचा सेल घालून बघा. सेलच्या लांबीत किंचित फरक असतो. रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचा असल्यामुळे टक्केवारी कमी दिसते, त्याने घाबरू नका.

हे सगळं करूनही बटणंच चालेनात, तरच पेअरिंगला हात घाला. फोनवरच्या ॲपमधून कंट्रोलर अनपेअर करा, नवीन कंट्रोलर जोडायचा पर्याय निवडा आणि उजव्यावर मेटा बटण व बी एकत्र दाबून ठेवा (डाव्यावर मेनू आणि वाय). दिवा लुकलुकून स्थिर झाला की जोडणी झाली. दोन हेडसेट असतील तर लक्षात असू द्या, कंट्रोलर एका वेळी एकाच हेडसेटचा असतो. हात अचानक नुसत्या बोटांचे दिसू लागले तर तेही तुटणं नव्हे, हँड ट्रॅकिंगवर (कंट्रोलरऐवजी उघडे हात ओळखण्यावर) आपोआप जाण्याची सोय चालू आहे.

ज्यांच्याकडे भिंतीवरच्या बेस स्टेशनची (ट्रॅकिंगसाठी खोलीत इन्फ्रारेड किरण सोडणारी पेटी) सिस्टीम आहे त्यांना वरचं फारसं लागू नाही, आरसा आणि ऊन सोडून. तिथे स्टेशन डोक्याच्या वर, खाली झुकवून आणि अजिबात न हलणाऱ्या जागी हवं. कंट्रोलर जोडायला कॉम्प्युटरच्या यूएसबीत लावायचा वायरलेस डोंगल वापरत असाल तर तो यूएसबी ३ पोर्टपासून एक्स्टेंशन केबलने दूर न्या, कारण त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो.

पात्र आपोआप चालू लागतं असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. ते स्टिकचं ड्रिफ्ट आहे, म्हणजे अंगठ्याची स्टिक न हलवताही हलल्याचं कळवते, त्याचा या दोन्हींशी संबंध नाही. सेटिंग्जमध्ये डेडझोन (स्टिकची जेवढी बारीक हालचाल धरली जात नाही तो भाग) वाढवून बघा. तरीही थांबलं नाही आणि वॉरंटी शिल्लक असेल तर स्टिक उघडायच्या फंदात न पडता व्हिडिओ काढून क्लेम करा.