सोलापूरहून कुत्रा घेऊन जर्मनीत यायचं आणि कॅम्पर व्हॅनमध्ये राहायचं, तर आधी तारखा बघा

जुळे सोलापूरहून तुम्ही विचारलंय की बायकोला जर्मनीत नोकरी लागली आहे, दोघांचंही काम लॅपटॉपवर चालतं, तीन वर्षांचा कारवानी कुत्रा मोती बरोबर न्यायचा आहे आणि पहिलं वर्षभर कॅम्पर व्हॅनमध्ये राहून युरोप बघायचा आहे. मोतीला तिथे क्वारंटाइनमध्ये ठेवतील का, आणि कोरोनासारखं पुन्हा काही आलं तर व्हॅनमध्ये राहणाऱ्यांचं काय होतं, हे तुमचे दोन प्रश्न. दोन्हींतून मी गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा खंड्याही कारवानीच. सांगोल्याकडच्या एका मेंढपाळाकडून आणलेला, सडपातळ, लांब तोंडाचा, अनोळखी माणसाला अंगाला हात लावू न देणारा. २०१६ मध्ये आम्ही दक्षिण जर्मनीत आलो तेव्हा तो आईबाबांकडे होटगी रोडला राहिला. २०१८ मध्ये मी त्याला न्यायला परत आले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: कागद बरोबर असतील तर युरोपीय संघात कुत्र्याला क्वारंटाइन नाही. विमानतळावर चिप वाचतात, कागद तपासतात आणि तुम्ही बाहेर पडता. कागद चुकले तर मात्र कुत्र्याला परत पाठवणं किंवा तुमच्या खर्चाने क्वारंटाइनमध्ये ठेवणं हे दोन मार्ग असतात, आणि दोन्ही शक्य नसतील तर त्याला कायमचं झोपवण्याचीही कायद्यात तरतूद आहे. हे घाबरवायला सांगत नाही. मोतीचं क्वारंटाइन होणार की नाही हे सोलापुरातल्या दवाखान्याच्या टेबलावर ठरतं, एवढं मनात पक्कं बसावं म्हणून सांगते.

क्रम असा आहे. आधी मायक्रोचिप, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, म्हणजे १५ आकडी नंबरची. त्यानंतर, किंवा त्याच दिवशी पण चिप आधी, रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. रक्तातला द्रव वेगळा करून थंड पेटीतून युरोपीय संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त आलं पाहिजे. मग रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण तीन महिने थांबायचं. रिपोर्ट आल्याच्या तारखेपासून नव्हे, रक्त काढल्याच्या. भारत रेबीजच्या बाबतीत त्यांच्या मान्य यादीत नाही, म्हणून ही तीन महिन्यांची वाट बघावी लागते. तुम्हाला क्वारंटाइन म्हणायचंच असेल तर तेच मोतीचं क्वारंटाइन; फक्त ते तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यावर काढतो.

आमचं इथेच चुकलं. खंड्याला लस टोचली ३ तारखेला आणि चिप बसवली ५ तारखेला, कारण त्या दिवशी दवाखान्यात चिप शिल्लक नव्हती. दोन दिवसांनी काय बिघडतं, असं डॉक्टर म्हणाले आणि मलाही तसंच वाटलं. पण चिपच्या आधीची लस कागदावर नसल्यासारखीच धरतात, कारण ती नेमक्या याच कुत्र्याला दिली याला पुरावा नसतो. हे कळलं तेव्हा रक्ताचा रिपोर्ट हातात होता, तिकीट काढलेलं होतं. पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. मी एकटी जर्मनीला परत गेले आणि चार महिन्यांनी पुन्हा सोलापूरला आले. बसस्टँडवर निघताना बाबा म्हणाले, "कार्ड मी रोज बघत होतो गं, पण तारखा उलट्या आहेत हे नाही दिसलं." ते अजून त्यांना लागून राहिलंय.

म्हणून आपल्या कॅलेंडरात सांगते. गणपतीत चिप आणि लस, दसऱ्याच्या पुढेमागे रक्त, आणि जानेवारीतली गड्डा यात्रा झाली की विमान. यात दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात पिंजऱ्यातून प्रवास टळतो. उन्हाळ्यात बऱ्याच विमान कंपन्या गरमीमुळे जनावरं घेतच नाहीत. दुसरं, हाताशी आठवडाभर जास्तीचा राहतो. उलट बाजूने, जानेवारीच्या शेवटी तुम्ही कडाक्याच्या थंडीत उतराल, आणि कारवानीच्या अंगावर केस म्हणावे असे नसतात. त्याचा कोट सोलापुरातच शिंप्याकडून मापाने शिवून घ्या, कारण ही छाती खोल आणि पोट आत अशी शरीराची ठेवण तयार कोटात बसत नाही.

सरकारी आरोग्य प्रमाणपत्र मुंबईच्या पशु संगरोध केंद्रातून घ्यावं लागतं आणि मोतीला तिथे घेऊन जावं लागतं. सरकारी पशुवैद्यकाने सही केल्यापासून युरोपातल्या तपासणीपर्यंत ते १० दिवसच चालतं, पण एकदा आत आलात की पुढच्या देशांत फिरायला काही महिने पुरतं. तेवढ्यात इथल्या डॉक्टरकडून युरोपीय पेट पासपोर्ट करून घ्या. आणखी एक, कुत्रा आणि मालक यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर ती व्यापारी वाहतूक धरतात आणि नियम जड होतात. तुमच्यातला एक जण पुढे जाऊन घर लावणार आणि दुसरा दोन महिन्यांनी मोतीला घेऊन येणार असाल, तर मोतीच्या कागदांवर मालक म्हणून मागून येणाऱ्याचं नाव ठेवा.

पिंजऱ्यात मोतीला ताठ उभं राहता, वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे. झोपेचं औषध देऊ नका. हवेत श्वासाचा आणि रक्तदाबाचा धोका असतो. निघण्याआधी दोन महिने पिंजरा घरात उघडा ठेवा, जेवण त्यातच द्या. आम्ही आत आईची वापरलेली सोलापुरी चादर घातली होती, चार घड्या करून, न धुतलेली. जर्मनीत पिंजरा उघडला तेव्हा खंड्या ती चादर सोडून बाहेर येईना. शेवटी चादरीसकट त्याला उचलून गाडीत ठेवलं. ती चादर अजून आमच्या व्हॅनमध्ये आहे.

सामानात कुत्र्याचं मांसाचं खाणं, दुधाचे पेढे, तूप काही आणू नका; बाहेरून मांस आणि दूध आणायला मनाई आहे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी चालते. खंड्या ताक-भाकरीवर वाढलेला. त्याला इथल्या खाण्यावर आणताना तीन आठवडे मी बरोबर आणलेली कडक भाकरी थोडीथोडी चुरून मिसळत होते.

आता व्हॅन. एक गोष्ट तुमच्या बेतात बसत नाही, ती आधीच सांगते: नुसत्या व्हॅनमध्ये राहून जर्मनीत नोंदणी होत नाही. तुम्हाला खरा पत्ता लागेल. पत्त्याशिवाय निवास परवाना, बँक, गाडीची नोंदणी, विमा यातलं काहीच पुढे सरकत नाही. कुत्र्याचा कर नगरपालिका त्याच पत्त्यावर लावते. तेव्हा एक छोटी खोली घ्याच. जर्मन परवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या आपसांत सीमा खुल्या ठेवणाऱ्या देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणून सलग वर्षभर बाहेर भटकणं तसंही जमणार नाही. आणि दुसऱ्या देशात बसून काम करायला कंपनीची लेखी परवानगी मागा, कर आणि विम्याचे प्रश्न त्यात अडकलेले असतात. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. साध्या कारच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतची व्हॅन चालवता येते, तेव्हा गाडी बघताना वजन विचारा. पाणी, बॅटऱ्या आणि सामान भरल्यावर ती मर्यादा फार लवकर येते.

गॅसबद्दल आपल्याला सवय नसलेली गोष्ट. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. हिवाळ्यात इथे प्रोपेनच भरा. प्रत्येक देशाच्या सिलिंडरची तोंडं वेगळी असतात, अडॅप्टरचा संच जवळ ठेवा. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तिला आतल्या उबेत बसवा.

मोतीला गाडीत सुटं ठेवता येणार नाही. पट्ट्याने किंवा पिंजऱ्यात बांधावं लागतं. उन्हापासून मात्र त्याला जपा. आपण ४३-४४ अंश काढलेली माणसं, २४ अंशांना आपल्याला गारवा वाटतो. पण बाहेर २४ असताना उन्हात बंद उभ्या गाडीत अर्ध्या तासात ४० होतं. दक्षिण स्पेन, इटली, ग्रीसकडे जाणार असाल तर सँडफ्लाय या बारीक माशीपासून लेशमॅनिया हा आजार होतो, त्यासाठी डेल्टामेथ्रिनचा गळपट्टा आधीच बांधा. नॉर्वे, फिनलंड, आयर्लंडला जाण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत डॉक्टरकडून फितकृमीचं औषध देऊन पासपोर्टवर नोंद लागते.

तुमचा दुसरा प्रश्न. २०२० च्या जानेवारीत आम्ही रजा काढून स्पेनच्या दक्षिणेला गेलो होतो. १४ मार्चला तिथे आणीबाणी जाहीर झाली तेव्हा समुद्राकाठच्या एका कॅम्पिंगमध्ये होतो. नवीन गाड्या घेणं बंद झालं, पुढच्या आठवड्यात पर्यटकांची ठिकाणं बंद करायचा हुकूम आला; आधीपासून मुक्काम असलेल्यांना राहू दिलं. तीन गोष्टी लगेच टोचल्या. संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, दोन माणसांना अडीच दिवस पुरते, आणि ती रिकामी करायची जागा मालकाने बंद ठेवली असती तर आम्ही काय केलं असतं, याचा विचार मी आजही प्रत्येक मुक्कामी करते. गॅस आठ दिवसांचा उरला होता. खंड्याच्या रेबीजच्या बूस्टरची तारीख दोन महिन्यांवर होती. ती तारीख चुकली असती तर पुढे कधी युरोपाबाहेर नेताना रक्ताची चाचणी पहिल्यापासून करावी लागली असती. खंड न पडता लस चालू असेल तर जुनी चाचणी जन्मभर चालते. तेव्हापासून मी बूस्टर महिनाभर आधीच घेते.

त्या दिवसांत स्पेनमध्ये कुत्र्याला बाहेर काढायला परवानगी होती, एका माणसाने, जवळच, थोडा वेळ. शेजारच्या व्हॅनमध्ये दोन लहान मुलं होती. त्यांना तीही मुभा नव्हती. मुलांना २६ एप्रिलपासून मिळाली, तोवर आम्ही निघालो होतो. खंड्या परत आला की दोघं काचेला नाक लावून त्याला बघायची आणि तो, अनोळखी माणसाला जवळ न येऊ देणारा, त्या काचेसमोर जाऊन बसायचा.

एप्रिलच्या मध्याला परत निघालो. फ्रान्समधून जाताना भरलेला फॉर्म आणि जर्मनीतल्या पत्त्याचा पुरावा, दोन्ही दाखवावे लागले. इथे तो पत्ता कामाला आला. घरी पोचलो तर १० एप्रिलपासून बाहेरून येणाऱ्यांना १४ दिवसांचं क्वारंटाइन लागू झालेलं, आणि त्यात कुत्र्यालाही तुम्ही फिरवायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी न्यायचं. शेजारच्या आजी तयार झाल्या. मी खंड्याचा पट्टा बाहेरच्या कडीला अडकवून आत जायची, दार लावायची, मग त्या हातमोजे घालून पट्टा सोडायच्या. पहिला दिवस तो फाटकापर्यंत गेला आणि खाली बसला. लघवी केली नाही, जेवला नाही. मी खिडकीतून बघत होते आणि त्याला मी दिसत होते, तेच चुकत होतं. दुसऱ्या दिवशी पडदा लावून घेतला. तेव्हा कुठे तो आजींबरोबर कोपऱ्यापर्यंत गेला.

कारवानी एका घराचा कुत्रा असतो, मोतीही तसाच असणार. म्हणून आतापासून रोज संध्याकाळी त्याला दुसऱ्या कुणाच्या हातात द्या, शेजारी, भाऊ, वॉचमनकाका, आणि तुम्ही आत थांबा. एका ठरावीक शब्दावर लघवी करायची सवय लावा; रात्री हायवेच्या थांब्यावर, पावसात, अनोळखी गवतावर ती फार उपयोगी पडते. व्हॅनमध्ये त्याचं दोन आठवड्यांचं खाणं आणि औषधं कायम भरलेली ठेवा.

मोतीचं लसीचं कार्ड घरात असेल ते काढा आणि चिप बसवलेली असेल तर तिची तारीख शेजारी ठेवून बघा. दोन्ही पानांचा फोटो मला पाठवा. काही उलटसुलट असेल तर गणपतीपर्यंत दुरुस्त करायला वेळ आहे.