राखून ठेवलेला डाव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले एक सेटर (मशीनवर कामाची जुळणी लावून देणारे) माझ्याकडे समुपदेशनाला आले ते झोप लागत नाही म्हणून. वय पन्नाशीचं, सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर बावीस वर्षं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) खरं दुखणं दुसऱ्या भेटीत निघालं. कंपनीनं त्यांच्या हाताखाली दोन पोरं दिली होती, तयार करा म्हणून.

"मॅडम, सगळं शिकिवलं तर मला कोण विचारतंय?"

हा प्रश्न मी कारखान्यातून, बँकेतून, शोरूममधून सारखा ऐकते. त्यावर "विद्या दिल्यानं वाढते" असं सांगायचा मोह होतो. मी सांगत नाही. तालमींच्या गावात वस्ताद एक डाव राखून ठेवतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिवाय यांना ठेच लागलेली होती. आधीच्या कारखान्यात मालकाच्या पाहुण्याला काम शिकवलं, आणि आठ महिन्यांत यांनाच घरी बसवलं. भीती उगाच नव्हती.

"रात्री फोन किती येतात?" मी विचारलं. त्यांनी मोबाईलच पुढं केला. सव्वादहा, साडेअकरा, पावणेएक. सेकंड शिफ्टची पोरं, पुढं नाईटवाली. "दादा, बोअर लहान येतोय." बोअर म्हणजे जॉबला, कातायच्या तुकड्याला, आतून पाडलेलं गोल भोक.

"मग तुम्ही काय सांगता?"

"ऑफसेट किती द्यायचा ते." म्हणजे हत्यार किती सरकवायचं, तो आकडा.

"का द्यायचा, ते?"

"ते कशाला सांगू?" म्हणाले, आणि स्वतःच हसले.

पहिलं काम मॅनेजरकडं होतं. पोरं तयार झाल्यावर माझं काम काय, हे विचारायचं. ते वाक्य आम्ही तीनदा घोकलं, कारण दरवेळी ते "तसं काय नाय साहेब" पासून सुरुवात करायचे. नव्या जॉबचं पहिलं सेटिंग त्यांच्याकडंच राहील आणि शिकवणं पगारवाढीत धरलं जाईल, हे लेखी घ्यायला लावलं. तोंडी शब्दावर मी तरी शिकवलं नसतं.

मग शिकवण्याची रीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्यांची मोठी भरती झाली, तेव्हा 1940 मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या पायऱ्या चारच: शिकणाऱ्याची तयारी करायची, करून दाखवायचं, त्याच्याकडून करवून घ्यायचं, मग हळूहळू लक्ष कमी करायचं. यांची गाडी तिसरीवर अडायची. पोरानं पॅनलकडं हात नेला की हेच बटणं दाबायचे. मी म्हटलं, हात पाठीमागं बांधा आणि आधी त्यालाच विचारा, काय झालं असेल?

पुढच्या भेटीत गडी रंगात आला होता. पोरगं मशीनमधून जॉब काढून लगेच भोक मोजायचं बोअर गेज घालत होतं. गरम जॉब फुगलेला असतो. बिडाच्या जॉबचा 50 मिलिमीटरचा बोअर 20 अंशांनी गरम असला तर साधारण 10 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, मोठा दिसतो. तिथं ओके, गार झाल्यावर रिजेक्ट. "मी गप उभा राहिलो मॅडम, हात मागं बांधून. लई अवघड. धा मिनिटांनी त्यानं जॉब हातात घेतला आणि म्हणाला, दादा, ह्यो गरम हाय."

त्याच आठवड्यात रात्री अकराला फोन आला. यांनी फक्त विचारलं, "इन्सर्ट बघितलास?" (इन्सर्ट म्हणजे हत्याराचं कातणारं टोक.) "थांबा, बघतो," म्हणून पोरानं फोन ठेवला, आणि परत काही केला नाही.

"मग त्या रात्री झोप लागली असेल?"

"कुठली मॅडम! परत फोन का आला नाही म्हणून दोनपर्यंत जागा."