बाकावर बसलेल्या फ्लाय-हाफला

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रग्बी संघातली दहा नंबरची जर्सी, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणाऱ्या फ्लाय-हाफची जागा, दुसऱ्याकडे आहे, बाकावर बसून जीव विटलाय, संघ बदलू का, असं विचारलंस. आधी आयर्लंडच्या फ्लाय-हाफची, जॉनी सेक्स्टनची गोष्ट ऐक.

डब्लिनचा हा पोरगा २००६ साली लेन्स्टर या आयर्लंडमधल्या प्रांताच्या मुख्य संघात आला, तेव्हा तिथे त्याच जागेवर अर्जेंटिनाचा फेलिपे कोन्तेपोमी पाय रोवून उभा होता. तीन वर्षं सेक्स्टनच्या वाट्याला बहुतेक उरलंसुरलंच आलं. मग २ मे २००९. हायनेकेन कप या युरोपातल्या क्लब-स्पर्धेची सेमीफायनल, क्रोक पार्कवर ८२,२०८ प्रेक्षक, समोर आयर्लंडमधलाच हाडवैरी संघ मन्स्टर. पहिल्याच हाफमध्ये कोन्तेपोमी जखमी झाला. २३ वर्षांचा सेक्स्टन आत आला तो थेट पेनल्टी किक मारायलाच. अजून एक पाससुद्धा हाताला लागला नव्हता. किक बरोबर खांबांमधून गेली. लेन्स्टर २५-६ ने जिंकलं, पुढे कपही उचलला.

याला नशीब म्हणणारे भेटतील. मला ते अजिबात पटत नाही. कोन्तेपोमीची दुखापत नशिबाची म्हण हवं तर, पण किक नाही. किकचा सराव एकट्याने होतो, त्यासाठी संघाच्या यादीत नाव लागत नाही.

फेब्रुवारी २०१८ मधली पॅरिसची फ्रान्स-आयर्लंड मॅच मिळवून बघ. आयर्लंड १३-१२ ने मागे, ८० मिनिटं संपलेली, बॉल हातातून सुटला की खेळ खलास. ४१ फेज, म्हणजे बॉल न गमावता एकामागून एक चढाया, चालल्या आणि शेवटी सेक्स्टनने ४० मीटरहून लांबून ड्रॉप गोल मारला, म्हणजे बॉल जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारला. तू मात्र बॉलवर डोळे लावू नकोस. प्रत्येक रकनंतर, म्हणजे जमिनीवरच्या बॉलसाठीच्या रेटारेटीनंतर, सेक्स्टन कुठे जाऊन उभा राहतो, कोणाला हाताने सरकवतो, तेवढंच बघ. ते बाकावरूनही शिकता येतं.

आणि डोक्याला मार लागला तर लपवू नकोस, हे मी हात जोडून सांगतो. वारंवार मार बसल्यामुळे २०१४ च्या अखेरीस डॉक्टरांनी सेक्स्टनला १२ आठवडे खेळू दिलं नाही. तो थांबला, फेब्रुवारी २०१५ मध्ये फ्रान्सविरुद्ध परतला आणि पाच पेनल्टी मारल्या. आयर्लंडकडून ११८ सामने आणि १,१०८ गुण, वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत, हे त्यानंतरही चालू राहिलं म्हणून झालं.

संघ बदलायचं सीझन संपल्यावर बोलू. या आठवड्यात एवढंच कर: वॉर्म-अप झाल्यावर दहा मिनिटं बाकावर बस, मग उठून उजव्या टचलाइनजवळून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेजवळून, एकच किक मार. रोज एकच. कुठे गेली ते रविवारी कळव.

तुझा,
काका